अप्पांचा मेंदू आकसलाय, मग आता माझाही आकसणार का?

आलेलं पत्र, थोडं कापून देतोय:

"नमस्कार सर. मी ४७ वर्षांची, साताऱ्याला राहते. वडील, आम्ही अप्पा म्हणतो, ७४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी' असं आलंय, म्हणजे वयोमानानुसार मेंदू आकसलाय. डॉक्टर म्हणाले काही नाही वयाचं आहे, आणि पुढचा पेशंट बोलावला. अप्पा हल्ली चष्मा कुठे ठेवला विसरतात, एकच गोष्ट दोनदा विचारतात. अप्पांच्या आईला ८२-८३ व्या वर्षी म्हातारचळ लागला होता, शेवटी शेवटी आम्हाला ओळखायची नाही. आता न्यू जर्सीतल्या माझ्या भावाने थुंकीची टेस्ट केली, त्यात अल्झायमरचा जीन निघाला, एक कॉपी. तो म्हणतोय तूपण करून घे, किट पाठवतो. मी स्वतः परवा फ्रीज उघडून पाच मिनिटं उभी होते, कशाला उघडला तेच आठवेना. रात्री झोप येत नाही. टेस्ट करू का? हे आमच्या घराण्यातच आहे का?"

ताई, त्या रिपोर्टात 'वयोमानानुसार' असा एक शब्द आहे बघा. मला अशी जेवढी पत्रं येतात त्यातल्या सगळ्यांच्या नजरेतून नेमका तोच सुटतो आणि 'आकसलाय' तेवढं डोक्यात बसतं. मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो, अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवली एवढंच, पण आमच्या सासूबाईंच्या रिपोर्टवर हेच वाक्य होतं आणि ती रात्र आम्ही कशी काढली ते मला माहितीये, त्यामुळे तुमची झोप का उडाली ते कळतंय.

आकसतो म्हणजे काय होतं ते आधी. नारळ डोळ्यासमोर आणा. कवटी म्हणजे करवंटी, ती आहे तेवढीच राहते, आतलं खोबरं सुकत जातं तसं करवंटीपासून सुटतं. फक्त खोबऱ्याचा गोटा आत खडखडतो तसा मेंदू खडखडत नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागेत पाणी भरतं, जे एरवीपण मेंदूभोवती असतंच. एमआरआयच्या फिल्मवर हे पाणी जरा जास्त दिसलं, मेंदूच्या घड्यांमधल्या फटी रुंद दिसल्या, की रेडिओलॉजिस्ट ते वाक्य लिहितो. चाळिशीनंतर हे सगळ्यांचंच हळूहळू सुरू असतं, साठीनंतर वर्षाला साधारण अर्धा टक्का इकडेतिकडे. तुमचं, माझं, त्या रेडिओलॉजिस्टचंपण. आणि लोकांना वाटतं पेशी धडाधड मरतायत म्हणून मेंदू लहान होतो, तसंही नाहीये, १९९७ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी मोजल्या तेव्हा विशी ते नव्वदी या सगळ्या प्रवासात जेमतेम १० टक्के कमी झालेल्या दिसल्या. बाकीचं आकसणं हे बरंचसं पेशींच्या फांद्या विरळ होण्यामुळे, पेशी स्वतःच बारीक होण्यामुळे असतं. झाड उभंच असतं, पानगळ होते म्हणा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची. आकसणं हा वेग आहे. एका फिल्मवर वेग दिसत नाही! एसटी स्टँडवर उभ्या गाडीचा फोटो बघून कोणी सांगेल का ती ताशी कितीने धावते? अप्पांचा मेंदू कदाचित चाळीस वर्षांपूर्वीपण शेजारच्यापेक्षा लहानच असेल, कवटीचा आकार तर माणसागणिक वेगळा असतो. वेग काढायचा तर दोन वेगवेगळ्या वेळच्या फिल्म लागतात. कधी गाडीवरून पडले असतील, डोक्याला लागलं म्हणून जुना सीटी स्कॅन काढला असेल, तर कपाटावरची, गादीखालची ती मोठी पिवळी पाकिटं शोधा. सीटी आणि एमआरआयची तुलना काट्यावर तोलल्यासारखी होत नाही, पण न्यूरोलॉजिस्टला अंदाज नक्की येतो. आमच्याकडे सासूबाईंची सात वर्षांपूर्वीची फिल्म सापडली तेव्हा कळलं की तेव्हाही जवळजवळ असंच दिसत होतं, फक्त तेव्हा रिपोर्ट कोणी वाचला नव्हता, कारण तेव्हा फ्रॅक्चर आहे का एवढंच बघायचं होतं.

आता घराण्याचं. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे एवढी तोंडात बसलीये की म्हातारं माणूस विसरलं की वयाचं, आणि आजीला झालेलं म्हणजे आपल्यालाही होणार, अशा दोन्ही टोकांना आपण एकाच वेळी उभे असतो. जीनचा हात आहेच, नाही म्हणत नाही. पण कुठे किती आहे ते बघा. मेंदू मुळात किती मोठा असणार हे बऱ्यापैकी रक्तातून येतं, उंचीसारखंच. पण तो म्हातारपणी कोणत्या वेगाने आकसणार यात वारशाचा वाटा त्यापेक्षा बराच कमी, आणि तोसुद्धा मेंदूच्या प्रत्येक भागाला वेगळा. म्हणजे कसं, घराचा नकाशा आजोबांचा, पण दर पावसाळ्यात भिंत किती झिजणार ते पन्हाळी साफ केल्या का, गिलावा वेळेवर झाला का यावरपण असतं.

यावर मोठं काम झालंय एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाचं, २०२२ ला 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलं. १५,६४० माणसं, वय वर्षं ४ पासून ९९ पर्यंत, आणि प्रत्येकाचे किमान दोन एमआरआय, म्हणजे मी वर म्हणलं तसं वेग मोजलेला. त्यांनी शोधलं की कोणते जीन या वेगाशी जोडलेत. एवढ्या पसाऱ्यातून नावं घेण्यासारखे जीन मोजकेच वर आले आणि त्यातला एक तोच, तुमच्या भावाच्या रिपोर्टातला, एपीओई. स्मरणशक्तीशी ज्याचा जवळचा संबंध असतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा अमिग्डाला, या दोन भागांच्या वेगाशी त्याचा संबंध दिसला. पण सुट्या जीनचा परिणाम छोटा, आणि ज्या जीनसमूहांशी वेग जुळतो त्यातले काही डिप्रेशनशी, काही झोपेच्या तक्रारींशी, काही वजनाशी, सिगरेटशीही जुळतात. एक बटण दाबलं की दिवा लागला, असला मामला नाहीये हा.

एपीओईबद्दल थोडं बैजवार सांगतो, कारण भावाने तुम्हाला 'अल्झायमरचा जीन' असं सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. हा जीन एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतो आणि सगळ्यांकडेच असतो, तुमच्याकडे, माझ्याकडे. त्याचं काम म्हणजे चरबी, कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणारं प्रोटीन बनवणं, मेंदूतला हमालच म्हणा ना. त्याचे तीन प्रकार, ई-२, ई-३, ई-४. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन कॉपी, एक आईची, एक वडिलांची. बहुतेकांकडे ई-३. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने १९९३ ला दाखवलं की ई-४ वाल्यांना उतारवयातला अल्झायमर जास्त होतो. एक कॉपी असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन कॉपी असतील तर त्याहून बराच जास्त, आठ ते बारा पट असे आकडे देतात. ई-२ उलट जरा राखणच करतो. पण ई-४ घेऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसं भरपूर आहेत आणि ज्यांना अल्झायमर झाला त्यातल्या कितीतरी जणांकडे ई-४ नसतोच. आणि हे पटीचे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेत. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत अमेरिकन आणि आपल्या डॉक्टरांनी मिळून अभ्यास केला होता, तिथे ई-४ चं प्रमाण पेनसिल्व्हेनियातल्या गावांपेक्षा कमी निघालं आणि अल्झायमरही कमीच दिसला. तेव्हा न्यू जर्सीतल्या रिपोर्टवरचा टक्का जसाच्या तसा साताऱ्यात आणून चिकटवू नका.

अजून एक, हे बहुधा भावाच्या लक्षात आलेलं नाही. त्याच्याकडे एक कॉपी ई-४ आहे, म्हणजे ती आईकडून किंवा वडिलांकडून, दोघांपैकी कोणा एकाकडून आली. कोणाकडून, हे त्या टेस्टवर लिहिलेलं नाही. तुम्ही सगळे अप्पांच्या आईकडे बोट दाखवताय, पण ती कॉपी तुमच्या आईच्या माहेरची पण असू शकते! अप्पांकडे कदाचित ई-४ नसेलच. आणि तुमच्याकडे यायची शक्यता अर्धी-अर्धी धरा, नाणेफेकच. भावाची टेस्ट ही तुमची टेस्ट नव्हे आणि अप्पांचं निदान तर अजिबातच नव्हे.

खरंच ज्यात जीन सगळं ठरवतो असे घराणेशाहीचे अल्झायमर पण आहेत, ते वेगळे. पीसेन-१, पीसेन-२, एपीपी या तीन जीनांतले बिघाड. कोलंबियात अँटिओक्विया भागात अशी मोठमोठी कुटुंबं आहेत, फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी आयुष्य त्यांच्यासाठी घालवलं. तिथे चाळिशीच्या मध्यावरच विसरणं सुरू होतं आणि पन्नाशीच्या आत डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहारही जमेनासे होतील इतकी बुद्धी ढासळणं. तरीही त्याच घराण्यातली एक बाई सत्तरीपर्यंत धड राहिली, २०१९ ला तिच्याबद्दल छापून आलं, कारण तिच्याकडे एपीओईचाच एक दुर्मिळ बदल दोन्ही बाजूंनी आलेला होता. म्हणजे एका जीनने बुडवलं तर दुसऱ्याने बरीच वर्षं तारलं. तुमच्या घरात कोणाला चाळिशी-पन्नाशीत असं झालंय का? पत्रात तरी नाही. आजीचं ८२ ला सुरू झालं. मग हा प्रश्न बाजूला ठेवा.

मग टेस्ट करायची का. माझं मत विचाराल तर आत्ता नको. कारण निकाल काहीही आला तरी उद्या सकाळी तुम्ही जे करायचंय ते तेच आहे. शिवाय एक गंमत सांगतो, गंमत कसली, जरा टोचणारंच आहे. २०१४ ला अमेरिकेत आलेल्या एका अभ्यासात ई-४ असलेल्या वयस्कर लोकांची तुलना केली, काहींना आपल्याकडे ई-४ आहे हे माहीत होतं, काहींना नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी मार्क दिलेच, पण प्रत्यक्ष परीक्षेतही ते कमी पडले, जीन तोच असून! तुम्ही फ्रीजपुढे पाच मिनिटं उभ्या राहिलात ना, तो प्रकार काळजीने आणि अर्धवट झोपेने पण होतो. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक जेम्स वॉटसन, त्यांचा अख्खा जीनोम २००७ ला वाचला गेला तेव्हा त्यांनी सगळं जाहीर करा म्हणून सांगितलं, फक्त एपीओई तेवढं मला सांगू नका. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. जीनोमवाल्या माणसालाच नको वाटलं, आपण कशाला लाजायचं. अर्थात दुसरी बाजूही आहे, रीव्हील नावाच्या अभ्यासात आईबापांना अल्झायमर असलेल्या मुलांना निकाल समजावून सांगून दिला तर बहुतेकांनी तो नीट पचवला. कळीचा शब्द 'समजावून'. कुरिअरने आलेलं किट आणि मोबाईलवर रात्री अकराला आलेला लाल बाण, याला समजावणं म्हणत नाहीत. पुढेमागे करायचीच झाली तर आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, मग थुंका.

आता अप्पा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीये, मी वर कापली, पण तीच मी तीनदा वाचली: 'दुधाचा हिशोब मात्र अजून अप्पाच ठेवतात, मागच्या महिन्यात दूधवाल्याचेच ३५ रुपये जास्त लागले होते ते त्यांनी काढले.' अहो ताई! ज्या माणसाने तीस वर्षं चालत्या गाडीत एका हाताने दांडी धरून सुट्टे दिले, रात्री डेपोत वेबिल जुळवलं, त्याचं ते यंत्र अजून चालू आहे. चष्मा विसरणं आणि हिशोब विसरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चष्मा कुठे ठेवला विसरणं चालेल, चष्मा हातात धरून हे काय असतं असं विचारलं तर चालणार नाही. अप्पा ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागले, गॅस चालू ठेवून विसरायला लागले, पैशात घोळ व्हायला लागला, स्वभावच पालटला, किंवा चाल घसटल्यासारखी होऊन लघवीवरचा ताबा जायला लागला तर वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्ट गाठा. शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण मेंदूत पाणी साठण्याचा एक प्रकार असतो त्याच्यात विसरणं, चाल बिघडणं आणि लघवी हे तिन्ही एकत्र येतात आणि त्यावर ऑपरेशनचा उपाय आहे, तिथे कोणी 'वयाचं आहे' म्हणून घरी पाठवू नये.

आत्ता लगेच काय करायचं तर रक्त तपासा: बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, साखर. अप्पा शाकाहारी आहेत आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे बी-ट्वेल्व्ह कमी व्हायला दोन्ही दारं उघडी, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर बी-ट्वेल्व्हचं शोषण कमी होतं. आमच्या सासूबाईंचं तेच निघालं. इंजेक्शनं झाली, सगळं परत आलं असं नाही सांगणार, पण चार वाजता दुपारचा चहा झाला का हे पाच वेळा विचारायच्या ते दोनावर आलं, आणि नातवाचं नाव परत बरोबर घ्यायला लागल्या. गोळ्यांचा डबा पण डॉक्टरांपुढे उपडा करा, सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं.

आणि कान! टीव्ही शेजारच्यांना ऐकू येईल एवढा लावतात म्हणालात, बेल ऐकू येत नाही म्हणालात. मग एकच गोष्ट दोनदा विचारतात ते विसरतात म्हणून की पहिल्यांदा ऐकूच आलं नाही म्हणून? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ ला डिमेन्शियाला कारणीभूत ठरणाऱ्या पण हातात असलेल्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात ऐकू कमी येणं आहे, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटं पडणं, डोळ्यांचं, हे सगळं आहे. या १४ गोष्टी मिळून जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शियाचा हिशोब लागतो असं त्यांचं म्हणणं. मशीन लावायला अप्पा तयार होणार नाहीत, 'मी काय बहिरा आहे का' म्हणतील, तर त्यांना सांगा की दूधवाला काय पुटपुटतो ते ऐकायला लागेल.

हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी डिमेन्शियाचे ६४८ पेशंट तपासले होते, २०१३ ला आलं ते. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि अडाणी माणसांतही दिसला, म्हणजे नुसती शाळेची कमाल नाही. अप्पा बेळगाव लाईनला होते, कन्नड येतं त्यांना, तुम्हीच लिहिलंय. याच्यामुळेच वाचतील असा हिशोब कोणी करू नये, पण बेळगावच्या त्या जुन्या ड्रायव्हर मित्राला फोन लावून द्या, अर्धा तास कन्नडमध्ये भांडू देत.

तुमचं स्वतःचं राहिलं. ४७ ला बीपी तपासलंत का कधी? मधल्या वयातलं वाढलेलं बीपी मेंदूला महागात पडतं आणि ते दुखत नाही म्हणून कळत नाही. चालायला जा. २०११ ला अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायला लावलं, अर्ध्यांना नुसतं स्ट्रेचिंग. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढलेला, दुसऱ्यांचा थोडा आकसलेला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढं ठळक दिसलं नाही हेही खरं, पण चालण्याने कोणाचा मेंदू वाळला असं कुठे ऐकलं नाही मी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहता आणि चालायला जागा नाही असं मला लिहू नका.

भावाला किटचे पैसे वाचव म्हणावं. आणि ई-४ त्याला निघालाय तर कोलेस्टेरॉल त्याचंही तपासून घेऊ दे, रागावून नाही, प्रेमाने सांगा, तोही तिकडे एकटा त्या रिपोर्टकडे बघत बसला असेल. अप्पांचा बी-ट्वेल्व्हचा आकडा आला की मला कळवा, आणि जुन्या फिल्मचं पाकीट सापडलं तर त्यावरची तारीख पण.